राखायला आली की मारायला?

सप्टेंबर 1861. अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू होऊन पाच महिने झाले होते. दक्षिण कॅरोलायनातल्या बेट्सी विदरस्पून या सधन विधवेला तिच्याच घरच्या गुलामांनी अंथरुणात गुदमरवून मारलं. घरची चांदीची भांडी परस्पर घेऊन ते रात्रीच्या मेजवानीला गेले होते. ते कळल्यावर तिच्या मुलाने चाबकाची धमकी दिली होती. बाई स्वतः मायाळू, असं नातेवाईक सांगत. पण तिच्या मायेमागे मुलाचा चाबूक होताच.

तिच्या नात्यातली मेरी चेस्नट डायरी लिहायची. मेरीच्या बहिणीची, केटची, दासी त्या दिवसांत गादी ओढत खोलीत आली: मालक गावाला गेलेत, तुम्ही एकट्या झोपू नका. केट मेरीला म्हणाली, ही मला राखायला आली की मारायला, तेच कळत नाही. वर्षानुवर्षं वेणीफणी करणाऱ्या बाईच्या मनात काय आहे, याचा मालकिणीला पत्ताच नव्हता. कळून घ्यायची गरज तरी कधी पडली होती?

युद्धाने ती पाडली. पुरुष आघाडीवर गेले आणि चाबूक धरणारा हात घरात उरला नाही. ऑक्टोबर 1862 मध्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सरकारने कायदाच केला: 20 किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावर एका गोऱ्या पुरुषाला सैन्यातून सूट. टेक्सासच्या लिझी नेब्लेटकडे गुलाम 11च. नवरा सैन्यात, गुलाम जुमानेनात. तिने गुलामांवर पगारी मुकादम नेमला आणि त्याच्या फटक्यांचा हिशेब नवऱ्याला पत्रांतून कळवत राहिली. मालकीण म्हणजे नुसती घरात बसणारी बाई, हे चित्र या पत्रांपुढे टिकत नाही.

मात्र डायऱ्या जपूनच वाचाव्या लागतात. चेस्नटने आपली डायरी 1880च्या दशकात, गुलामगिरी संपल्यावर, पुन्हा लिहून काढली. दुसरी बाजू मिळते ती 1936 ते 1938 मध्ये सरकारी प्रकल्पात घेतलेल्या, पूर्वी गुलाम असलेल्या वृद्धांच्या दोन हजारांहून जास्त मुलाखतींतून. त्यातही गोम आहे, कारण विचारणारे बहुतेक गोरे होते. चार्ल्स्टनच्या एका शंभरीच्या आजीची मुलाखत दोनदा झाली. गोऱ्या बाईला तिने मालक किती भला होता ते सांगितलं. काळा मुलाखतकार आला, तेव्हा विकल्या जाणाऱ्या माणसांचे रात्रंदिवस ऐकू येणारे आक्रोश सांगितले.