तीन मजली पेला

समोर आलेला पेला जेमतेम अंगठ्याएवढा होता. तळाशी जवळजवळ काळा थर, त्यावर दुधाळ बदामी आणि सर्वांत वर मधासारखा पारदर्शक. मधल्या रेषा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. या शॉटचं नाव बी-५२. खाली कॉफीचं लिकर, म्हणजे साखर घातलेलं गोड मद्य; मध्ये आयरिश क्रीम, म्हणजे व्हिस्की आणि दुधाची साय यांचं लिकर; वर संत्र्याचं लिकर. एका घोटात संपवायचा, असं बनवणाऱ्या मित्राने बजावलं होतं. मी मात्र पेला उजेडाकडे धरून बघतच बसलो. शेवटी तो वैतागला. “अरे, पी ना! शोभेची वस्तू आहे का ती?”

तेल जसं पाण्यात मिसळत नाही, तसंच इथे काहीतरी असणार, अशी माझी समजूत होती. ती साफ चुकीची निघाली. तेल आणि पाणी घुसळून ठेवलं तर थोड्या वेळाने दोघंही निमूटपणे आपापल्या जागी परततात. हा शॉट एकदा ढवळला की कितीही वाट पाहा, थर परत येत नाहीत. कारण तिन्ही द्रवांत मुख्यतः पाणी, मद्यार्क आणि साखरच असते, आणि ही मंडळी एकमेकांत आनंदाने विरघळतात. म्हणजे पेल्यात दिसतो तो कायमचा दुरावा नव्हे. मिसळायची संधी न मिळालेले द्रव एकमेकांवर उभे आहेत, एवढंच.

ते उभे राहतात घनतेच्या जोरावर. पाण्याची घनता १ धरली तर शुद्ध मद्यार्काची ०.७९ भरते. त्यामुळे ‘ज्यात मद्यार्क जास्त तो वर’ असा सोपा नियम सुचतो. पण खरी सूत्रं साखरेच्या हातात असतात. ४० टक्के मद्यार्काच्या व्हिस्कीची घनता सुमारे ०.९५ असते, म्हणून ती पाण्यावर अलगद सोडली तर तरंगते. ग्राँ मार्निए हे संत्र्याचं लिकरही ४० टक्क्यांचंच. ते पाण्यात सोडा, तळाला जाईल! त्यातल्या साखरेने घनता १.०३ च्या आसपास नेऊन ठेवलेली असते. आयरिश क्रीम साधारण १.०५ आणि कॉफीचं लिकर १.१५ च्या घरात. ब्रँड बदलला की आकडे थोडे इकडेतिकडे होतात, क्रम सहसा बदलत नाही.

साखर हा लिकरचा वरून लावलेला साज नव्हेच. युरोपीय संघाच्या नियमांत तिच्यावरूनच नाव ठरतं. लिकर म्हणवून घ्यायला लिटरमागे साधारणपणे किमान १०० ग्रॅम साखर लागते. नावाआधी ‘क्रेम द’ लावायचं तर २५० ग्रॅम, आणि काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या कॅसिस फळाच्या क्रेमला तर ४००. असं लिकर थरांच्या पेल्यात तळाशी का जातं, हे निराळं सांगायला नको.

मधला थर जरा वेगळ्या घरचा. आयरिश क्रीममध्ये दुधातल्या स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म थेंब असतात आणि केसीन हे दुधातलं प्रथिन त्यांना वेढून एकत्र येऊ देत नाही. थेंब इतके बारीक केलेले असतात की साय वर येत नाही. त्यात लिंबू पिळलं तर मात्र हे प्रथिन गोठतं आणि तोंडात चोथा येतो. हा उद्योग काही लोक गंमत म्हणून मुद्दाम करतात. मी करणार नाही.

घनता क्रमाने असली तरी काम फत्ते होत नाही, हे दुसऱ्या दिवशी स्वतः बनवायला गेलो तेव्हा कळलं. बाटली वर धरून सरळ ओतलं आणि हाती आला मातकट रंगाचा एकच थर. दहा सेंटिमीटरवरून पडणारी धार पेल्यात पोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर असतो. घनतेतला फरक इतका किरकोळ की एवढ्या धक्क्याने खालचा थर सहज ढवळला जातो. म्हणून चमचा पालथा धरून, त्याचं टोक पेल्याच्या आतल्या बाजूला टेकवून, त्याच्या पाठीवरून ओततात. धार पसरते, वेग मरतो आणि द्रव पृष्ठभागावर आडवा सरकत जातो. तिसऱ्या खेपेला जमलं.

एकदा थर बसले की उरतं विसरण, म्हणजे रेणूंची आपसूक होणारी भटकंती. ती विलक्षण मंद असते. साखरेच्या रेणूंना पाण्यात एक मिलिमीटर पसरायला पंधराएक मिनिटं लागतात. मग एक सेंटिमीटरला अडीच तास? नाही. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो, म्हणजे हिशेब दिवसावर जातो. पेल्यातली रेषा थोड्या वेळाने किंचित धूसर होते ती याचमुळे, आणि तरीही गप्पा संपेपर्यंत ती टिकते.

पेला हलकेच कलता करून बघा. वरचा पृष्ठभाग चटकन सपाट होतो, पण आतल्या सीमारेषा आळसावल्यासारख्या डुलत राहतात. वरखालच्या द्रवांत फरक थोडा, म्हणून लाटेला मागे खेचणारं बळही थोडं. हीच आळशी लाट समुद्रात जहाज अडवते. १८९३ साली नॉर्वेचा शोधप्रवासी फ्रिट्यॉफ नान्सेन याचं ‘फ्राम’ जहाज सायबेरियाच्या उत्तरेला, खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर असलेल्या भागात, अडकल्यागत मंदावलं. वारा नव्हता, समुद्र सपाट होता. पुढे १९०४ मध्ये स्वीडनच्या वाग्न वालफ्रिड एकमन यांनी उलगडा केला: जहाजाची शक्ती दोन थरांच्या सीमेवर न दिसणाऱ्या लाटा उठवण्यात खर्च होत होती.

अखेर प्यायलो. आधी संत्र्याचा वास, मग जिभेवर चटका. हा चटका जिभेची एक प्रकारे फसवणूक असते. मिरचीचा तिखटपणा ओळखणारा जो ग्राही आपल्या तोंडात असतो, तो एरवी साधारण ४२ अंश सेल्सियसच्या पुढे ‘भाजतंय’ असा संदेश देतो. मद्यार्क ही मर्यादा ३४ अंशांच्या आसपास खाली आणतो. म्हणजे शरीराची स्वतःचीच ऊब जाळायला लागते. मागोमाग क्रीमचा मऊपणा आणि शेवटी कॉफीची कडवट गोडी, निदान मला तरी तसं वाटलं. तोंडात थर एका क्षणात एकमेकांत गेले असणार.

पुढच्या वेळी मित्राने न बोलता पेल्यात बारीक नळी टाकली, थेट तळापर्यंत. या खेपेला कॉफी आधी आली, आणि चटका सगळ्यांत शेवटी.