होशंगाबादचे स्रोत शिक्षक: पार्श्वभूमी

सुलभक, साधनव्यक्ती, तज्ज्ञ मार्गदर्शक हे शब्द जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना आता सवयीचे झाले आहेत. प्रशिक्षणाचे पत्र निघते, तालुक्यातून दोघा-चौघांची नावे जातात, ते जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन येतात आणि परतल्यावर इतरांना शिकवतात. सोयी नसलेल्या खेड्यातील शाळेचा शिक्षकच गणित-विज्ञानाच्या अध्यापनात आपल्या सहकाऱ्यांचा वाटाड्या होऊ शकतो, हा विचार मात्र या पत्रांहून जुना आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ ते २००२ अशी तीस वर्षे त्याची कसोटी लागली.

या प्रयोगाचा एक धागा मुंबईतून निघतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील यशपाल, वि. गो. कुलकर्णी आदी शास्त्रज्ञांनी महानगरपालिकेच्या शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा प्रयत्न केला होता. याच संस्थेतील संशोधक अनिल सद्गोपाल यांनी नोकरी सोडून होशंगाबाद जिल्ह्यात ‘किशोर भारती’ ही संस्था सुरू केली. जिल्ह्यातच रसूलिया येथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे ‘मित्र मंडल केंद्र’ आधीपासून काम करत होते. या दोन संस्थांनी राज्य शासनाकडे परवानगी मागितली आणि १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. टाटा संस्थेतील शास्त्रज्ञांनंतर दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकही मदतीला आले. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढची जबाबदारी घेतली.

त्या काळच्या बहुतेक प्रशिक्षणांत तज्ज्ञ बोलत आणि शिक्षक लिहून घेत. येथे सुट्टीतल्या सुमारे तीन आठवड्यांच्या शिबिरात शिक्षकांना चौघाचौघांच्या टोळ्यांत बसवून मुलांनी करायचे प्रयोग त्यांच्याच हातून करून घेतले जात. एकच लांबी चौघांनी मोजली की चार आकडे येत. मग खरा कोणता, यावर वाद होई आणि त्या वादातून मापनातील घट-बढ, सरासरी आणि अंदाज या गोष्टी आपोआप समोर येत. गणिताचा पदवीधर नसलेला शिक्षकही या चर्चेत मागे राहत नसे, कारण उत्तर कोणाच्याच वहीत आधी लिहिलेले नसे.

साहित्याबाबतही हाच बाणा होता. पुण्याच्या टेल्को (आताची टाटा मोटर्स) कंपनीतील अभियंता अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तेथे गेले, आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे व काड्यापेटीच्या काड्या यांचे सांधे बनवण्याची युक्ती त्या मुक्कामात आकाराला आली. तीन काड्यांचा त्रिकोण बोटाने दाबला तरी तसाच राहतो आणि चार काड्यांचा चौकोन लगेच तिरपा होतो. छताच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे सांगायला यापेक्षा स्वस्त उपकरण माझ्या पाहण्यात नाही.

तरीही शिक्षकांतून म्होरके तयार झाले ते मुख्यतः शिबिरानंतरच्या कामामुळे. जवळपासच्या शाळांसाठी एक संगम केंद्र ठरवलेले असे. तेथे दर महिन्याला बैठक होई आणि कोणता प्रयोग फसला, कोणत्या प्रश्नावर मुले अडली, प्रयोग-साहित्याच्या किटमधले काय संपले हे शिक्षक मांडत. वर्गाला भेट देणाऱ्या अनुवर्तन गटातही शिक्षक असत. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकांच्या सुधारणेत आणि प्रश्नपत्रिका तयार करण्यात त्यांचा वाटा होता. परीक्षा पुस्तक उघडे ठेवून द्यायची असे व शिवाय प्रात्यक्षिकही असे, त्यामुळे प्रश्न काढणे हे सोपे काम नव्हते. मुलांची पत्रे ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राच्या नावाने येत आणि प्रत्येकाला उत्तर पाठवले जाई. अशा कामातून पुढे आलेल्यांना ‘स्रोत शिक्षक’ म्हणत. विद्यापीठातील प्राध्यापकांच्या बरोबरीने ते नव्या शिबिरांत शिकवू लागले. शासकीय उतरंडीत मात्र त्यांचे स्थान साध्या शिक्षकाचेच राहिले, आणि या कार्यक्रमाची खरी कमकुवत बाजू माझ्या मते हीच होती. गावोगावच्या बैठकांतून कमावलेले कौशल्य सेवापुस्तकात कोणत्या रकान्यात लिहायचे, याची सोय नव्हती.

महाराष्ट्रात याच सुमारास एक वेगळी वाट धरली गेली. १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले आणि वि. गो. कुलकर्णी त्याचे संस्थापक संचालक झाले. केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. विज्ञानाच्या पुस्तकांची भाषाच मुलांच्या वाटेत उभी राहते, या मुद्द्याकडे त्यांनी विशेष लक्ष दिले. मुंबईच्या पालिका शाळांतील दलित विद्यार्थ्यांसाठीही त्यांचा उपक्रम होता. होशंगाबादइतका मोठा स्रोत शिक्षकांचा गट मात्र येथे उभा राहिला नाही.

होशंगाबादच्या पद्धतीचा विस्तार पुढे सुमारे १५ जिल्ह्यांत झाला, आणि मुलांची संख्या लाखाच्या घरात गेली. शालेय निकालांवरून टीकाही होत राहिली, आणि २००२ मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद करून त्या शाळांत राज्याचा सर्वसाधारण अभ्यासक्रम लागू केला. देशातील अनेक शास्त्रज्ञांनी निषेध केला तरी निर्णय बदलला नाही.

तीनच वर्षांनी, २००५ मध्ये, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. मुलांनी स्वतः प्रयोग करून ज्ञान घडवावे, असे त्यात म्हटले होते आणि त्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष यशपाल होते. होशंगाबादच्या संगम केंद्रांवरचे शिक्षक तोपर्यंत सर्वसाधारण पुस्तकातून धडे शिकवू लागले होते.