हाय-हॅटला तीनच नोट्स: घरच्या रेकॉर्डिंगमधल्या व्हर्च्युअल ड्रम्सची पार्श्वभूमी

घरी गाणं रेकॉर्ड करणारा कुणीही ड्रम्स प्रोग्राम करायला, म्हणजे कॉम्प्युटरवर एकेक ठोका लिहायला बसला की किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काडीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) पटकन जमून जातात, अडतं ते हाय-हॅटवर, म्हणजे पायाच्या पेडलने उघड-बंद होणाऱ्या दोन झांजांच्या जोडीवर. लायब्ररी (ड्रम्सच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा संच) महागातली घेतली, किट स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं आहे, तरी ऐकणारा चार बारमध्ये (चार आवर्तनांत) ओळखतो की हे कुणी वाजवलेलं नाहीये, आणि दरवेळी तो ओळखतो हाय-हॅटवरूनच. लोक मग लायब्ररी बदलतात, ह्युमनाइज (ठोके आपोआप थोडे विस्कटणारं बटण) मारतात, व्हॉल्यूम कमी करून हॅट मागे ढकलतात. माझ्या मते खरं कारण बरंच जुनं आहे, आणि ते नीट कळलं तर एडिट करताना कुठे हात घालायचा हे आपोआप कळतं, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात १९८० पासून करू, त्याच्या आधीची ऑर्गनवर ठेवायची ऱ्हिदम बॉक्सं सोडून देऊ कारण त्यांचा आपल्या विषयाशी फारसा संबंध नाही. त्या साली अमेरिकेत एका गिटार वाजवणाऱ्या इंजिनिअरने एलएम-१ बाजारात आणलं, खऱ्या ड्रम्सचे डिजिटल सॅम्पल (रेकॉर्ड केलेले छोटे आवाज) वाजवणारं पहिलं मशीन, किंमत जवळपास ५ हजार डॉलर, बनली सगळी मिळून ५०० च्या आसपास. क्वांटाइज (ठोके नेमक्या जागी ओढणं) आणि शफल आपण आज जे वापरतो ते इथूनच आलं, एक सोडून एक सोळावा मात्राभाग थोडा उशिरा वाजवायचा म्हणजे झोल (स्विंग) येतो ही युक्ती याच मशीनची. पण त्यात क्रॅश आणि राइड या मोठ्या झांजा नव्हत्या! झांजेचा आवाज लांबत जातो, लांब आवाजाला मेमरी लागते आणि तेव्हा मेमरी चिप प्रचंड महाग होती. हाय-हॅट मात्र होता, कारण बंद हॅट म्हणजे एवढासा आवाज. उघडा आणि बंद, दोन बटणं, विषय संपला.

त्याच वर्षी जपानमधून टीआर-८०८ आलं, ते पूर्ण अॅनालॉग, तिथेही तेच, एक बटण उघड्याचं एक बंदचं, आणि बंद वाजला की उघडा गप्प होतो. १९८३ च्या टीआर-९०९ मध्ये हॅट आणि झांजा सॅम्पल केलेल्या होत्या, फक्त ६ बिटच्या, पण बटणं दोनच. सांगायचा मुद्दा हा की हाय-हॅट म्हणजे दोन आवाज हे मशीनवाल्यांच्या डोक्यात पक्कं बसलं ते मेमरीच्या भावामुळे आणि समोरच्या पॅनेलवरच्या जागेमुळे. खऱ्या ड्रमरच्या डाव्या पायाखाली काय चाललंय त्याच्याशी याचा काही संबंध नव्हता. तो पाय कधीच फक्त दोन जागी नसतो, घट्ट दाबलेला, सैल दाबलेला, चर्र करत अर्धवट उघडा, पूर्ण सोडलेला, आणि या सगळ्यांच्या मधलं सगळं.

१९८३ मध्येच मिडी आलं, म्हणजे कुठली नोट किती जोरात वाजवली हे एका मशीनने दुसऱ्याला कळवायची भाषा; ड्रम्समध्ये नोट म्हणजे एका आवाजाचा नंबर. एका नोटचा निरोप तीन बाइट, केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एक नोट जायला साधारण एक मिलिसेकंद, आणि किक, क्रॅश, स्नेअर, हॅट एकदम वाजवले तर शेवटचा तीनेक मिलिसेकंद मागे. वेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, १ ते १२७. स्नेअरला एवढं पुरतं, किती जोरात मारलं ते कळलं की झालं. हॅटला मात्र दोन गोष्टी कळाव्या लागतात, किती जोरात मारलं आणि त्या क्षणी पाय कुठे होता. ही दुसरी गोष्ट नोटमध्ये मावतच नाही. मिडीत पायाच्या पेडलची जागा कळवणारा फूट कंट्रोलर म्हणून सीसी-४ (चौथ्या नंबरचा कंट्रोल चेंज) होता, पण तो नोटपासून वेगळा, स्वतंत्र प्रवास करणारा निरोप, आणि ड्रम्ससाठी त्याचं काय करायचं हे तेव्हा कुणी ठरवून दिलं नाही.

आपल्याकडे हे सगळं बहुतेकांपर्यंत पोचलं ते ऑक्टापॅडच्या रूपात. १९८५ चा पहिला ऑक्टापॅड म्हणजे आठ पॅड आणि आत एकही आवाज नाही, तो फक्त मिडी पाठवायचा, आवाज दुसऱ्या मशीनमधून. आवाज आतच असलेली मॉडेलं नंतर आली आणि मग ऑर्केस्ट्रा, गणपतीतली बँजो पार्टी, लग्नातले ग्रुप, सगळीकडे तो उभा राहिला. आठ पॅडमध्ये किक, स्नेअर, टॉम, क्रॅश, शिवाय ढोलकी आणि कोंगो बसवायचे, तर हॅटला बंद एक पॅड आणि उघडा एक पॅड याच्या पलीकडे जागाच उरत नाही. ऑक्टापॅडवाल्यांचे हात भन्नाट चालतात, पण आज घरी ड्रम्स प्रोग्राम करणारे आपले बरेच लोक त्या दोन पॅडच्या सवयीतूनच आलेत हे लक्षात घ्यायला हवं. फ्लॅटमध्ये खरं किट वाजवता येत नाही, शेजारी पहिल्या दिवशीच दार ठोठावतील, त्यामुळे खऱ्या हॅटच्या पेडलवर पाय ठेवायची वेळच अनेकांवर आलेली नसते.

आता मुख्य गोष्ट, १९९१ चं जनरल मिडी. हेतू चांगला होता. एका मशीनवर केलेली फाइल दुसऱ्यावर वाजवली की पियानोच्या जागी ट्रम्पेट आणि किकच्या जागी काउबेल वाजायची, तर सगळ्यांनी एकच यादी पाळायची असं ठरलं. ड्रम्स चॅनेल १० वर (हे आणि बरेचसे नंबर १९८७ च्या एका जपानी साऊंड मॉड्यूलमध्ये आधीपासून होतेच), आणि ३५ ते ८१ अशा ४७ नोट्सवर ४७ आवाज. त्यात हाय-हॅटला मिळाल्या तीन, ४२ बंद, ४४ पायाने वाजवलेला, ४६ उघडा.

ती यादी एकदा शांतपणे वाचून बघा. टॉमला सहा नोट्स. शिट्टीला दोन, आखूड आणि लांब. क्विका नावाच्या ब्राझीलच्या वाद्याला दोन, ट्रँगलला दोन, गुइरोला दोन, अगोगोला दोन. आणि पॉप, रॉक, फंक, डिस्को सगळ्याची लय ज्याच्यावर चालते, ज्याला ड्रमर एका गाण्यात इतर कशाहीपेक्षा जास्त वेळा मारतो, त्या हॅटला तीन! बरं, जागा नव्हती असंही नाही. मिडीच्या १२८ नोट्सपैकी ३५ च्या खालच्या ३५ आणि ८१ च्या वरच्या ४६ रिकाम्याच ठेवल्या होत्या. (आपल्या माणसांना आणखी एक गोष्ट खटकेल, सुरांच्या १२८ वाद्यांत सतारीला १०५ आणि सनईला ११२ नंबर मिळाला, तालाच्या यादीत मात्र तबलाही नाही आणि ढोलकीही नाही.)

या निर्णयाच्या बाजूने बोलणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. एकावेळी किमान २४ आवाज वाजले पाहिजेत एवढीच तेव्हा अट होती, साऊंड कार्डची मेमरी तुटपुंजी, सगळ्या कंपन्यांना झेपेल एवढंच यादीत घालायला हवं होतं, आणि फाइल सगळीकडे सारखी वाजावी एवढाच हेतू असेल तर तीन हॅट पुरतात. मला हे पटतं ते फक्त फाइल वाजवण्यापुरतं. पण यादी एकदा छापली गेली की ती फक्त वाजवण्यापुरती राहत नाही, सगळे कीबोर्ड, सगळी सॉफ्टवेअर, सगळ्या तयार मिडी फाइली तिच्यावरच उभ्या राहतात. निदान अर्धवट उघड्याला एक नोट आणि पुढे वाढवायला चार जागा राखून ठेवल्या असत्या तरी पुढची दहा-वीस वर्षं झालेला गोंधळ बराच टळला असता.

गोंधळ कसा झाला ते बघा. १९९७ मध्ये जाळीच्या पॅडचं इलेक्ट्रॉनिक किट आलं, त्याच घराण्यातल्या किटांमध्ये हॅटच्या कडेवर मारलं की वेगळा आवाज आणि वर मारलं की वेगळा. नोट्स कुठून आणायच्या? वरच्या भागाला ४२ आणि ४६ ठेवल्या, कडेसाठी त्या रिकाम्या जागेतल्या २२ आणि २६ उचलल्या, पाय किती दाबलाय ते सीसी-४ वर. दुसरीकडे १९९९ मध्ये रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या आतच प्लगिन (जोड-प्रोग्राम) म्हणून वाद्य वाजवायची सोय झाली, हार्ड डिस्कवरून थेट सॅम्पल वाचायचं तंत्र त्याच सुमाराचं, आणि मेमरीचा जो अडसर १९८० मध्ये होता तो एकदम गेला. एका स्वीडिश कंपनीने तिथल्याच एका मेटल बँडच्या ड्रमरला घेऊन ड्रमकिट फ्रॉम हेल केलं, आणि त्याच बँडने २००५ चा अख्खा अल्बम त्या प्रोग्राम केलेल्या ड्रम्सवर काढला, इतके ते पटण्यासारखे झाले होते. २००३ मध्ये बीएफडी, २००६ मध्ये इझीड्रमर, २०१७ मध्ये सुपीरियर ड्रमर ३ ज्याचा साठा सुमारे २३० जीबी. हॅटचे घट्ट, बंद, किंचित उघडा, अर्धा, पाऊण, पूर्ण, प्रत्येकाचं टोकाने मारलेलं वेगळं आणि काडीच्या दांड्याने मारलेलं वेगळं, असं सगळं आलं.

पण हे सगळं ठेवायचं कुठल्या नोटवर यावर कधीच एकमत झालं नाही. प्रत्येकाने ४२, ४४, ४६ कसेबसे सांभाळले किंवा तेही नाही, आणि बाकीचे हॅट जिथे मोकळं दिसलं तिथे टाकले. म्हणून एका लायब्ररीवर लिहिलेला सुंदर ट्रॅक दुसरीवर उघडला की किक-स्नेअर जागच्या जागी आणि हॅटच्या जागी भलतीच झांज. त्यात नोटची नावंसुद्धा सारखी नाहीत, ३६ नंबरची किक एका सॉफ्टवेअरमध्ये सी१, दुसऱ्यात सी२, तिसऱ्यात सी३ दिसते, त्यामुळे मित्राला सांगताना नेहमी नंबर सांगा.

आता प्रत्यक्ष एक बार घेऊ, टेम्पो ९२, साधा चार मात्रांचा ठेका, हॅटवर आठ ठोके. माऊसने काढला की आठही ठोके ४२ वर, वेलॉसिटी १००. ड्रमर मात्र मात्रेवर काडीच्या दांड्याने कडेवर मारतो आणि मधल्या ठोक्याला मनगट वर येताना काडीचं टोक वरच्या बाजूला टेकवतो, म्हणजे साधारण ९६, ६२, ९०, ५८, ९८, ६४, ८८, आणि दोन वेगळे सॅम्पल. शेवटचा आठवा ठोका उघडा, आणि पुढच्या समेवर किकबरोबर पाय खाली येऊन तो बंद होतो, तिथे ४४ लिहायला हवी. समेवर क्रॅश असेल तर उजवा हात क्रॅशवर गेलेला आहे, मग तिथे ४२ काढूनच टाका, फक्त पाय वाजेल. एवढं केलं तरी टायमिंगला हात न लावता तो बार जिवंत होतो.

सीसी-४ वापरत असाल तर अजून एक खाच आहे. बहुतेक सॅम्पलर ठोका पडला त्या क्षणी पाय कुठे आहे ते बघून सॅम्पल निवडतात, त्यामुळे पाय उघडल्याचा निरोप नोटच्या पाच-दहा टिक (सॉफ्टवेअरमधले वेळेचे बारीक भाग) आधी पोचला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक किटवर वाजवून रेकॉर्ड केलेलं असतं तेव्हा तो आधी असतोच, पण मग आपण नोट्स क्वांटाइज करतो, नोट अलीकडे ओढली जाऊन सीसीच्या आधी येते, सीसी जागच्या जागीच राहतो आणि उघडा हॅट बंद वाजतो. लोक लायब्ररीला शिव्या देतात, चूक तिथे नसते. आणि काही किट दाबलेल्या पायाला १२७ मानतात तर काही लायब्ररी उलटं, म्हणून सेटिंगमध्ये उलटवायचं बटण असतं, ते आधी तपासा.

तबल्याची लायब्ररी करणाऱ्यांसमोरही हेच कोडं आहे, तिथे तर जास्तच, कारण डग्ग्यावरची मींड ठोका पडून गेल्यानंतर तळव्याच्या दाबाने येते, म्हणजे सॅम्पल निवडून झाल्यावरही आवाज बदलत राहायला हवा.

ह्युमनाइज बटणाबद्दल माझं मत चांगलं नाही. ते वेलॉसिटी आणि वेळ दोन्ही चिठ्ठ्या टाकल्यासारखं इकडेतिकडे करतं, आणि ड्रमरच्या हातात चिठ्ठ्या नसतात, जोर-हलका याचा क्रम असतो. २०१३ मध्ये एका मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रमर नावाचा ट्रॅकच आला, ठेका निवडा, हॅट किती उघडा ते खाली-वर सरकवा, तो स्वतः वाजवतो. डेमोसाठी उत्तम आहे, मीही वापरतो, पण तुमच्या गाण्यातल्या तिसऱ्या ओळीच्या शेवटी गायिकेचा श्वास आहे आणि तिथे हॅट उघडायला हवा हे त्याला सांगायला शेवटी मिडीत जावंच लागतं.

२०२० मध्ये मिडी २.० मंजूर झालं. वेलॉसिटी १२७ वरून ६५ हजारांच्या वर गेली आणि प्रत्येक नोटला तिचा स्वतःचा कंट्रोलर देता येतो, म्हणजे पाय कुठे होता ही माहिती अखेर नोटला चिकटवून पाठवता येईल, जे १९८३ मध्ये शक्य नव्हतं. घरात वापरल्या जाणाऱ्या लायब्ररी आणि किट अजून मुख्यतः जुन्याच पद्धतीवर चालतात. तोपर्यंत एका मॅपवरून (कुठला आवाज कुठल्या नोटवर ती यादी) दुसऱ्यावर नेणारी कन्व्हर्टर प्लगिनं आणि काही लायब्ररींत तयार दिलेले प्रीसेट यांच्यावरच काम चालवावं लागतं, आणि मिडी फाइल कुणाला पाठवताना ती कुठल्या लायब्ररीच्या मॅपवर लिहिलीये ते फाइलच्या नावातच टाकलेलं बरं.