उंबरठा खाली, उंबरठा वर

‘डॉक्टर आता शॉक द्यायचे म्हणतायत, म्हणजे गोळ्या वायाच गेल्या ना?’ स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या घरात हा प्रश्न हमखास निघतो. शॉक म्हणजे गोळ्या हरल्यावरची शिक्षा, असं सिनेमाने आपल्या मनावर बिंबवलंय. प्रत्यक्षात या आजारात शॉक दिले तरी गोळ्या बहुतेक वेळा बरोबरच चालू राहतात. त्यातली क्लोझापीन आणि शॉकची जोडी मला फार आवडते.

क्लोझापीन हे राखून ठेवलेलं औषध. दोन औषधं पुरेशा डोसात देऊनही भास आणि संशय हटत नसतील, तर ते वापरतात. त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून नियमित रक्ततपासणी आलीच. तरी काहींना त्यानेही गुण येत नाही. अशा ३९ रुग्णांवरचा अमेरिकेतला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठ आठवडे नुसतं क्लोझापीन चालू ठेवलेल्यांपैकी एकालाही ठरवलेल्या निकषाइतका फरक पडला नाही. जोडीला शॉक मिळालेल्यांपैकी निम्म्यांना पडला.

आता गंमत बघा. यात वीज हे औषध नाहीच, औषध आहे मेंदूत उठणारी फीट. स्वीडनमध्ये मनोविकारतज्ज्ञ ओटोसन यांनी १९६० साली नैराश्याच्या रुग्णांत लिडोकेन हे फीट दाबणारं औषध देऊन फीट दबवली, तर गुणही कमी आला. पुढे १९८७ साली संशोधक सॅकाइम यांनी दाखवलं की नुसती फीट येऊनही भागत नाही. फीट यायला लागणारी किमान वीज म्हणजे उंबरठा. डोक्याच्या एकाच बाजूने शॉक देताना तो जेमतेम ओलांडला, तर फीट येते पण आजार फारसा हलत नाही.

हा उंबरठा माणसागणिक कित्येक पटींनी वेगळा असतो. म्हणून पहिल्या दिवशी थोडी थोडी वीज वाढवत तो शोधतात. विजेचा हिशोब, उदाहरणार्थ, असा: ०.८ अँपिअर प्रवाह, १ मिलिसेकंदाचा एकेक ठोका, सेकंदाला १२० ठोके, २ सेकंद. गुणाकार १९२ मिलिकूलोम, म्हणजे एकूण दिलेल्या विजेचं माप. शॉक देत जावं तसा मेंदू स्वतःचे ब्रेक घट्ट करतो आणि उंबरठा वर चढतो. क्लोझापीन मात्र तो खाली ओढतं. मोठ्या डोसात ते स्वतःच फीट आणू शकतं. एरवीचा दुष्परिणाम इथे कामाला येतो! उलट लोराझेपाम किंवा व्हॅल्प्रोएट ही फीट रोखणारी औषधं चालू असतील तर उंबरठा वर जातो, म्हणून त्यांचे डोस आधी जुळवून घ्यावे लागतात.

मेंदूचे हे ब्रेक साध्या आकडीतही लागतात. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय मिळतं नाकाला लावलेल्या चपलेला किंवा कांद्याला.

पण क्लोझापीन-शॉकच्या जोडीचा पुरावा अजून पक्का नाही: अमेरिकेतल्या त्या प्रयोगात तुलनेसाठी नकली शॉक नव्हता. ब्राझीलमध्ये नकली शॉकशी (म्हणजे भूल द्यायची, पण वीज नाही) तुलना केली, तेव्हा लहानशा गटात फरक दिसला नाही. शॉकच्या दिवसांतल्या काही आठवणी पुसट होतात, हेही खरं. आणि शॉक थांबल्यावर आजार उलटू शकतो, म्हणून गोळ्या सुटत नाहीत.

भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक द्यायला भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. मग सैल पडलेल्या शरीरात फीट आली हे कळणार कसं? स्नायूंचं औषध देण्याआधी एका घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा आवळतात. औषध त्या पावलापर्यंत पोचत नाही. बाकी माणूस शांत झोपलेला, आणि तेवढं एक पाऊल अर्धा-एक मिनिट थरथरतं.