कलम ३ आणि कलम ५: बातमीदारावर नेमकं कोणतं?

बातमीदारावर ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखाली गुन्हा नोंदला की गोव्यात चर्चा लगेच ‘हेरगिरी’वर येते. १९२३च्या या कायद्यात हेरगिरी कलम ३मध्ये आहे, गुप्त माहितीची बेकायदा देवघेव कलम ५मध्ये. कलम ५ला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कलम ३ला संरक्षणविषयक बाबीत १४ वर्षांपर्यंत, एरवी ३.

‘आम्ही फक्त छापलं’ म्हणून कलम ३ लागत नाही, असं समजू नका. प्रकाशित करणं त्यातही आहे. खरा फरक हेतूचा: तिथे देशाची सुरक्षितता किंवा हित यांना बाधा आणण्याचा हेतू लागतो. आणि हा हेतू एखाद्या ठरावीक कृत्यातून सिद्ध करण्याची सरकारला गरज नसते. परिस्थिती, वर्तन आणि आरोपीचं ज्ञात चारित्र्य यांवरूनही न्यायालय तो मानू शकतं. ही तरतूद फार धोकादायक आहे. दाबोळी विमानतळ नौदलाच्या ‘हंसा’ तळावर आहे. तिथे कुंपणालगत चित्रण करायचं असेल तर लेखी परवानगी आधी घ्या आणि संपादकांनी काम सोपवल्याचं पत्र जवळ ठेवा.

कलम ५ला असा हेतू लागत नाही. कागद कायदा मोडून दिला जातोय हे माहीत असताना, किंवा तसं मानायला रास्त कारण असताना, तो स्वेच्छेने घेणं हाच गुन्हा. बातमी छापून आली नाही तरीही.

‘गोपनीय’ शिक्क्याने मात्र प्रश्न सुटत नाही. राफेलची कागदपत्रं वृत्तपत्रांत आल्यावर १० एप्रिल २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की असे कागद छापणं रोखण्याचा अधिकार हा कायदा सरकारला देत नाही. पण खटल्याआधीची कैद कोण भरून देणार? जून २००२मध्ये अटक झालेले पत्रकार इफ्तिखार गिलानी जानेवारी २००३मध्ये खटला मागे घेईपर्यंत तुरुंगात होते, आणि त्यांच्याकडचा मजकूर आधीच सार्वजनिक होता.

म्हणून एफआयआर हाती आली की आधी कलम बघा, मग कलम १३. सरकारच्या आदेशाने किंवा अधिकाराने केलेली तक्रार नसेल, तर न्यायालय गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. वकिलाने हा मुद्दा पहिल्याच तारखेला मांडावा.

तोच कागद माहिती अधिकारातून मागता येतो. २००५च्या कायद्याचं कलम ८(२) सांगतं: जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल, तर १९२३चा कायदा असूनही कार्यालय माहिती देऊ शकतं. ही मुभा कार्यालयाला आहे. पाकिटातून आलेल्या कागदाला ती लागू होत नाही.