घराण्याची फौज आणि पोटाची फौज

सातारा-कोल्हापूरकडे पहाटे रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात. सगळी सारखीच वाटतात, पण त्यांत दोन प्रकार आहेत. एकाच्या घरात आजोबांपासून फौज आहे. दुसरा बारावी होऊन बसलाय. पोलीस, वनरक्षक, फौज, जी जाहिरात आधी निघेल तिचा फॉर्म भरतो. दोघांनाही सरसकट ‘देशभक्त’ किंवा सरसकट ‘गरजू’ म्हटलं की गफलत होते.

पहिल्या प्रकाराचं ठळक उदाहरण साताऱ्याजवळचं अपशिंगे. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले. गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. अशा गावात फौजेत का गेलास, असं कुणी विचारत नाही. मेडिकलला काय बघतात, हे सांगायला घरात काका असतो. दुसऱ्याला तेच अकादमीची फी भरून शिकावं लागतं.

तरी परंपरा काही आभाळातून पडत नाही. कोरडवाहू, वाटण्या होऊन उरलेली जमीन आणि फौजेतून येणारी मनीऑर्डर, यांतूनच ती रुजली. पणजोबाही नोकरीच शोधत होते.

महारांचा इतिहास याहून बोलका आहे. ब्रिटिशांच्या मुंबई फौजेत ते मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्यांतलेच. फौजेने पगार दिला, शाळा दिली, गावात न मिळणारा मान दिला. मग १९व्या शतकाच्या अखेरीस काही ठरावीक समाजच लढाऊ असतात, असं मानणाऱ्या ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धांतापायी त्यांची भरती बंद झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी ती पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. पहिल्या महायुद्धात दार थोडा वेळ उघडलं आणि पुन्हा मिटलं. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. गरज होती, वारसाही होता, पण घेणाऱ्याची तयारी नव्हती. नुसत्या भरतीच्या आकड्यांवरून समाजाची इच्छा मोजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता अग्निपथ. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या फौजभरतीच्या योजनेत चार वर्षांची सेवा, पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, पुढे कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपये, पेन्शन नाही. नोकरीसाठी पळणारा लगेच हिशेब करतो: पोलिसात ५८ पर्यंत नोकरी, इथे चार वर्षं. घराण्यातल्या पोराला फरक पडणार नाही, असं म्हणतात. मला पटत नाही. तोही जाईल, पण पुढच्या पिढीचं काय? काकाच्या पेन्शनवर बांधलेलं घर बघूनच तर तो पळायला लागला होता.