साउथ सिडनी रॅबिटोज : २०१४चा विजेतेपदाचा हंगाम

सिडनीच्या साउथ सिडनी रॅबिटोज या रग्बी लीग क्लबने ५ ऑक्टोबर २०१४ रोजी कँटरबरी-बँक्सटाउन बुलडॉग्ज संघाचा ३०-६ असा पराभव करून ऑस्ट्रेलियातील नॅशनल रग्बी लीग, म्हणजे एनआरएल स्पर्धा जिंकली. क्लबचे हे २१वे अजिंक्यपद. इतकी विजेतेपदे तिथल्या दुसऱ्या कोणत्याही क्लबकडे नाहीत. पण २०वे मिळाले होते १९७१ साली, आणि मधल्या ४३ वर्षांत हा क्लब एकदा स्पर्धेतून चक्क काढून टाकला गेला होता. त्यामुळे २०१४च्या यशाची हकिगत त्या वर्षापासून सुरू करता येत नाही.

रग्बी लीग हा खेळ १८९५ साली उत्तर इंग्लंडमध्ये मूळ रग्बीपासून फुटून निघाला. खेळाडूंना मोबदला द्यावा की नाही, हे त्या फुटीचे कारण. प्रत्येक संघात १३ खेळाडू, सामना ८० मिनिटांचा. चेंडू घेऊन धावणाऱ्याला कबड्डीतल्या पकडीप्रमाणे अंगाला भिडून पाडायचे, त्याला टॅकल म्हणतात. सहा टॅकलच्या आत गुण झाले नाहीत तर चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला की ‘ट्राय’चे ४ गुण, त्यानंतरची किक खांबांमधून गेली की आणखी २.

सिडनीत हा खेळ १९०८ साली रुजला. त्याच वर्षी जानेवारीत रेडफर्नच्या टाउन हॉलमध्ये साउथ सिडनीची स्थापना झाली आणि पहिल्याच हंगामात क्लबने विजेतेपद पटकावले. रेडफर्न ही कामगारांची वस्ती, आणि शहरातल्या अ‍ॅबोरिजिनल (म्हणजे मूळनिवासी) समाजाचे मोठे केंद्र. लाल-हिरव्या पट्ट्यांची जर्सी इथे घराघरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. क्लाइव्ह चर्चिल हा क्लबचा सर्वांत लाडका खेळाडू. पुढे प्रशिक्षक झाल्यावर त्याच्या हाताखाली संघाने १९६७ ते १९७१ या काळात चार अजिंक्यपदे मिळवली. मग मात्र पैशांची चणचण, चांगले खेळाडू इतरांनी पळवणे आणि गुणतक्त्याच्या तळाशी मुक्काम असे दिवस आले.

नव्वदीच्या दशकात प्रक्षेपण हक्कांवरून माध्यमसम्राटांत जुंपली आणि खेळ दुभंगला. समेटानंतर १९९८ साली एनआरएल सुरू झाली ती एका अटीवर : २० संघांपैकी २०००च्या हंगामात १४च उरतील. काही क्लबांनी विलीनीकरण पत्करले. साउथ सिडनीचे अध्यक्ष आणि माजी खेळाडू जॉर्ज पिगिन्स यांनी ते साफ नाकारले, आणि १९९९च्या ऑक्टोबरमध्ये क्लबला वगळण्यात आले. त्यानंतर जे घडले ते क्रीडा इतिहासात क्वचितच घडते. नोव्हेंबर २०००मध्ये सुमारे ८०,००० लोक क्लबसाठी सिडनीच्या रस्त्यांवर उतरले. न्यायालयातली पहिली फेरी पिगिन्स हरले होते, तरी अपील केले गेले. जुलै २००१मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने दोन विरुद्ध एक मताने क्लबच्या बाजूने निकाल दिला आणि २००२ साली संघ मैदानावर परतला. पुढे २००३ साली सर्वोच्च स्तरावरील हायकोर्टाने हा निकाल फिरवला, पण तोवर संघ स्पर्धेत खेळत होता आणि तो तिथेच राहिला. २०१४च्या हंगामाचे श्रेय वाटायचे झाले तर पहिला वाटा त्या मोर्चातल्या माणसांना द्यावा लागेल. ते घरी बसले असते तर २०१४ साली खेळायला क्लबच नसता.

परतलेला संघ दुबळा होता. २००३, २००४ आणि २००६ असे तीन हंगाम तो शेवटच्या क्रमांकावर राहिला. २००६च्या मार्चमध्ये अभिनेता रसेल क्रो आणि उद्योजक पीटर होम्स अ कोर्ट यांनी ३० लाख डॉलरला क्लबचा ७५ टक्के हिस्सा विकत घ्यायची तयारी दाखवली. त्यासाठी सभासदांच्या तीन चतुर्थांश मतांची गरज होती, मिळाली ७५.८ टक्के. ज्यांनी रस्त्यावर येऊन क्लब वाचवला त्यांनीच तो खासगी हातांत द्यायचा, हा निर्णय अनेकांना जड गेला. पिगिन्स स्वतः विक्रीच्या विरोधात होते. उरलेला २५ टक्के हिस्सा सभासदांकडेच राहिला.

२०१२ साली मायकेल मॅग्वायर प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी सराव कडक केला आणि बचाव भक्कम केला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही संघ अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर जाऊन हरला : आधी बुलडॉग्जकडून ३२-८, मग सिडनीच्याच मॅन्ली संघाकडून ३०-२०. मॅन्लीविरुद्ध तर सुरुवातीला १४-० अशी आघाडी होती.

२०१४च्या साखळी फेरीची सुरुवात सिडनीच्याच रूस्टर्स संघावरील २८-८ अशा विजयाने झाली आणि शेवट त्याच रूस्टर्सकडून झालेल्या पराभवाने. मधला प्रवास चढउताराचा असला तरी संघ तिसऱ्या क्रमांकावर आला. कर्णधार जॉन सटन, सर्वांत मागे उभा राहणारा पूर्णबचावपटू (फुलबॅक) ग्रेग इंग्लिस, किकचा भार उचलणारा अ‍ॅडम रेनॉल्ड्स आणि इंग्लंडहून आलेले बर्जेस बंधू हा संघाचा कणा. १९ वर्षांच्या अ‍ॅलेक्स जॉन्स्टनचे हे पदार्पणाचे वर्ष.

बाद फेरीत आधी मॅन्लीला ४०-२४ असे हरवून मागच्या वर्षीचा हिशेब चुकता झाला. मग २६ सप्टेंबरला गाठ पडली रूस्टर्सशी. ते गतविजेते, साखळीत अव्वल, आणि १९०८पासूनचे शेजारी व हाडवैरी. रूस्टर्सनी १२-० अशी आघाडी घेतली तेव्हा सलग तिसऱ्या वर्षी तेच घडणार असे वाटू लागले होते. साउथ सिडनीने तिथून सामना ३२-२२ असा खेचून आणला. हंगामातला खरा कस लागला तो इथेच. त्याची किंमतही मोजावी लागली : रूस्टर्सच्या सॉनी बिल विल्यम्सवरील धोकादायक टॅकलबद्दल हुकर (टॅकलनंतर चेंडू उचलून देणारा खेळाडू) आयझॅक लूकवर बंदी आली, त्याचा अंतिम सामना हुकला आणि त्याच्या जागी तरुण एपी कोरोइसाउला उतरावे लागले.

अंतिम सामन्याला ८३,८३३ प्रेक्षक हजर होते. चेंडू घेऊन केलेल्या पहिल्याच धावेत सॅम बर्जेस आणि बुलडॉग्जचा जेम्स ग्रॅहम यांची डोकी आदळली आणि बर्जेसच्या गालाचे हाड मोडले. चेहरा सुजला, डोळा मिटत चालला, तरी तो बाहेर गेला नाही. उरलेला पूर्ण सामना तो त्याच अवस्थेत धावत आणि टॅकल करत राहिला. रेडफर्नच्या जुन्या माणसांना १९७० आठवणे साहजिक होते. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात कर्णधार जॉन सॅटलरचा जबडा सुरुवातीलाच मोडला होता. तो तसाच शेवटपर्यंत खेळला आणि मॅन्लीविरुद्ध संघाने २३-१२ अशी बाजी मारली.

जॉन्स्टनच्या ट्रायमुळे मध्यंतराला ६-० अशी आघाडी होती. उत्तरार्धात बुलडॉग्जच्या टोनी विल्यम्सने ट्राय केला आणि ६-६ अशी बरोबरी झाली. काही मिनिटांतच सॅमचा भाऊ जॉर्ज बचावपटूंना अंगावर घेत गोलरेषेपलीकडे घुसला आणि पारडे फिरले. अखेरच्या टप्प्यात किरिसोम अउवा, रेनॉल्ड्स आणि शेवटी इंग्लिस यांचे ट्राय झाले. ३०-६ हा फरक सामन्यातल्या झुंजीपेक्षा मोठा दिसतो, तो या शेवटच्या मिनिटांमुळे. इंग्लिसने मैदानावर गोआनासारखे, म्हणजे तिकडच्या घोरपडीसारखे सरपटत जल्लोष केला. आपल्या अ‍ॅबोरिजिनल वारशाला त्याने दिलेला तो मान होता. शिटी वाजली तेव्हा बर्जेसला रडू आवरेना. सामनावीराचे क्लाइव्ह चर्चिल पदक त्यालाच मिळाले. १९७० साली सॅटलर खेळत होता तेव्हा संघाचे प्रशिक्षक हेच चर्चिल होते.

फेब्रुवारी २०१५मध्ये इंग्लंडचा विजेता सेंट हेलेन्स याला त्याच्याच मैदानावर ३९-० असे हरवून साउथ सिडनीने जागतिक क्लब विजेतेपदही मिळवले. तोवर सॅम बर्जेस रग्बी युनियन (म्हणजे मूळ रग्बी) खेळायला इंग्लंडमधील बाथ क्लबकडे गेला होता. २०१६च्या हंगामासाठी तो परत आला. क्लबने २०२१ साली पुन्हा अंतिम सामना गाठला, पण तो पेनरिथने १४-१२ असा जिंकला.